गिटार डब्यातल्या माशीसारखी, बास फोनवर गायब: घरी रेकॉर्ड करताना आमचं नेमकं काय चुकतंय?

कोपऱ्यातला गिटारवाला

नमस्कार मंडळी,

मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, माझा एक मित्र बास वाजवतो. आमची स्वतःची चार गाणी आहेत आणि ती घरीच रेकॉर्ड करायची असा घाट दोन महिन्यांपूर्वी घातला. गाणी आमचीच असल्यामुळे मूळ गाण्याशी तुलना व्हायची भीती नाही, एवढाच काय तो दिलासा. बाकी सगळं फसलंय.

सामान असं: दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा सिग्नल लॅपटॉपमध्ये नेणारा डबा), लॅपटॉप, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि एक हेडफोन. माझ्या गिटारला तीन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप आहेत, म्हणजे तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे तुकडे. मित्राचा बास चार तारांचा, पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेला. १५ वॉटचा एक ट्यूब अँपही (काचेच्या नळ्यांवर चालणारा अँप्लिफायर) आहे, पण तो जरा कुठे खुलायला लागला की पलीकडून भिंत ठोकली जाते. त्यामुळे सध्या त्याच्यावर पुस्तकं ठेवली आहेत.

गिटार थेट इंटरफेसला लावली. क्लीन आवाज असा येतो की कुणीतरी गोधडी पांघरून वाजवतंय. डिस्टॉर्शनचा (आवाज मुद्दाम फाडणारा) प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला इफेक्ट, लावला की डब्यात माशी कोंडल्यासारखी चरचर. शिवाय तार छेडल्यावर आवाज कानात पोचेपर्यंत मधे एक क्षण जातो, मी तालाच्या मागे पडतो आणि मग चिडून पुढे पळतो. मागे सतत एक घूंऽऽ चालू असते. तारांवर हात ठेवला की ती कमी होते, पूर्ण जात नाही.

बासची कथा उलटी. हेडफोनमध्ये दणदणीत, छातीत घुमतो. तेच गाणं फोनवर आईला ऐकवलं तर ती म्हणाली, "तुझा तो मित्र त्या दिवशी आला नव्हता का?"

नवीन काही विकत घेण्याआधी आहे त्यात काय करता येईल ते सांगा. माइक एकच आहे, गाण्यासाठी वापरतो तो साधा डायनॅमिक.

---

फिरता फ्रेट

पुस्तकं खाली काढा आणि अँप लावा. शेजारी महिन्याभरात सरावतात. प्लगइनमध्ये जीव नसतो.

---

खर्जातला

वरच्या प्रतिसादाकडे शेजाऱ्यांचं लक्ष जाऊ नये म्हणजे झालं.

गिटारवाले, तुमचं लिहिणं वाचून मला माझीच जुनी फजिती आठवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बास वाजवतो, घरी रेकॉर्ड करतो, आणि करता येतील तेवढ्या चुका करून झालेल्या आहेत.

आधी गोधडीचं बघू. इंटरफेसच्या इनपुटजवळ एक छोटं बटण असेल. त्यावर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय झेड' लिहिलेलं असतं, काहींवर नुसतं गिटारचं चित्र असतं. ते दाबलेलं आहे का? माझी पैज आहे, नसणार. पॅसिव्ह पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची बारीक तार गुंडाळलेलं चुंबक. त्याचा सिग्नल नाजूक असतो, त्याच्यावर भार टाकलेला चालत नाही. इन्स्ट्रुमेंट इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध; तो जितका जास्त तितका पिकअपवर भार कमी) साधारण १० लाख ओहम, म्हणजे एक मेगओहम असतो. लाइन इनपुटचा असतो १०–२० हजार ओहमच्या घरात. गिटार लाइनमध्ये खुपसली की पिकअप दमतो, आणि दमताना आधी वरचे, चमकणारे सूर सोडून देतो. ती चमक फाइलमध्ये आलेलीच नसते, त्यामुळे नंतर इक्वलायझरने ट्रेबल वाढवला तर वाढते फक्त खरखर. मी सात गाण्यांचा बास असा लाइनमधून रेकॉर्ड केला होता. तीन आठवडे इक्वलायझरशी झुंजलो, तारा बदलल्या, बासला शिव्या दिल्या. शेवटी कळलं की दोष एका बटणाचा. सातही पुन्हा वाजवली.

माशीचं कारण वेगळं. गिटार अँपचा १२ इंची स्पीकर हा संगीत ऐकायच्या स्पीकरसारखा नसतो. साधारण ५००० हर्ट्झच्या वर तो झपाट्याने गप्प होतो. डिस्टॉर्शनमध्ये जी काचेसारखी कचकच तयार होते ती तो गिळून टाकतो. आपण ज्याला 'अँपचा आवाज' म्हणतो त्यातला निम्मा वाटा या गिळण्याचा आहे. तुम्ही नुसता डिस्टॉर्शनचा प्लगइन लावला असेल तर स्पीकर कुठेच नाहीये, कचकच थेट कानात. त्याच्यानंतर कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) प्लगइन लावा. त्यात एखाद्या खऱ्या कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स भरायचा, म्हणजे ते कॅबिनेट आणि त्यापुढचा माइक मिळून आवाजाला जो आकार देतात त्याचा ठसा. फुकट मिळणारे ढिगाने आहेत. अँपसाठी न्यूरल अँप मॉडेलर बघा, तोही मोफत आणि मुक्त स्रोत आहे. एकच सांभाळा. काही अँप प्लगइनमध्ये कॅबिनेट आधीच असतं, त्यावर दुसरं चढवलं की पुन्हा गोधडी.

आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) कमी करा. आत्ता आहे त्याच्या निम्मा. एकट्याने वाजवताना कमी वाटेल, गाण्यात पुरून उरेल.

उशीर होतो त्याला लेटन्सी म्हणतात, ती बफरच्या, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा उचलतो त्याच्या, आकारावर ठरते. ४८००० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची ४८००० मोजमापं) १०२४ चा बफर म्हणजे एका दिशेने २१ मिलिसेकंद, आणि आवाजाला आत जाऊन परत बाहेर यायचं असतं. १२८ ठेवलात तर एका दिशेचे पावणेतीनच्या आत. विंडोज असेल तर इंटरफेस बनवणाऱ्याचा एएसआयओ (हा उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर टाका, विंडोजच्या आपल्या ड्रायव्हरवर विसंबू नका. वाजवताना बफर लहान, मिक्स करताना मोठा. एक गंमत सांगतो: हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे अँपपासून तीन मीटरवर उभे राहता तेव्हा नऊ मिलिसेकंद उशिरानेच ऐकता, आणि कुणी कुरकुर करत नाही. तेव्हा शून्याच्या मागे लागू नका. दहाच्या आत आलं की बोटं जुळवून घेतात.

लेव्हलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात जोरात वाजवाल तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या (शून्य म्हणजे वरची हद्द) आसपास राहील इतकाच गेन ठेवा. 'लाल दिव्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं' हा टेपच्या जमान्यातला हिशोब. टेप ओव्हरलोड झाली की कधी कधी गोड वाटायची, डिजिटल तुटतं तेव्हा नुसतं तुटतं.

आता बास, माझा जिव्हाळ्याचा विषय.

बासची मोकळी जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडणं शक्य नाही. मग इतर गाण्यांत बास फोनवर कसा ऐकू येतो? तो सूर एकटा नसतो म्हणून. त्याच्या वर ८२, १२३, १६४ असे त्याचेच पटीतले सूर असतात. मेंदू ते ऐकतो आणि खालचा गाळलेला सूर स्वतःच भरून काढतो. तुमच्या बासमध्ये हे वरचे सूर पुरेसे नाहीत. बटण दाबलं नसेल तर ते आधीच अर्धे मेलेत, आणि मित्र अंगठ्याने, मानेजवळ वाजवत असेल तर उरलेलेही गेले.

यावर माझा उपाय: बासचा ट्रॅक दोनदा ठेवा. एकावर २०० हर्ट्झच्या वरचं कापा, तो स्वच्छ राहू द्या, त्यावर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारा), ४ ला १ च्या आसपास. दुसऱ्यावर २०० च्या खालचं कापा आणि त्याला थोडं डिस्टॉर्शन द्या. एकटा ऐकलात तर घाणेरडा वाटेल असा. मग तो हळूहळू खालून आत आणा आणि जाणवायला लागला की थांबा. एकदा त्या ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा, ज्या बाजूने बास भरदार वाटेल ती ठेवा. मग फोनवर ऐका. आईला ऐकवा, त्यांची परीक्षा चांगली आहे.

हेडफोनबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. ४१ हर्ट्झची एक लाट आठ मीटरपेक्षा लांब असते. आपल्या खोल्या त्याहून लहान. अशा खोलीत स्पीकरवर ऐकलं तर खुर्चीवर बास दणदणतो आणि दाराशी गेलं की नाहीसा होतो. बासपुरता हेडफोन जास्त खरं बोलतो.

आणि बास अँपशिवाय थेट कन्सोलमध्ये (स्टुडिओच्या मिक्सरमध्ये) घालणं ही गरिबांची तडजोड आहे असं कुणी म्हटलं तर त्याला मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचं नाव सांगा. तिथला बासवादक जेम्स जेमर्सन, त्याचा बास बहुतेक वेळा थेट कन्सोलमध्येच जायचा. तो माणूस उजव्या हाताचं एक बोट वापरायचा आणि तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही. तारा जुन्या ठेवा असं मी सुचवत नाहीये. बोटात जे आहे ते थेट वायरमधूनही येतं, एवढंच म्हणतो.

घूंऽऽ बद्दल कुणीतरी लिहा, माझा हात दुखला.

---

सोल्डरचा वास

घूंऽऽ माझ्याकडे.

सिंगल कॉइल म्हणजे आयता अँटेना. घरातल्या विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण तो हवेतून उचलतो. हम्बकर जन्माला आला तो याच त्रासातून: दोन कॉइल उलटसुलट, त्यामुळे गुणगुण एकमेकांना मारते. तुमच्या गिटारला तीन पिकअप आहेत. बऱ्याच अशा गिटारमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो. पिकअप निवडायचा स्विच दोन आणि चार नंबरवर (तिथे मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र लागतात) टाकून बघा, गुणगुण एकदम पडली तर तुमच्याकडे तो आहे.

मग खुर्ची फिरवा, थट्टा नाही. हळूहळू गोल फिरा, एका दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा होईल. त्या दिशेला तोंड करून रेकॉर्ड करा. लॅपटॉपपासून हातभर लांब बसा. मंद-प्रखर होणारा दिवा असेल तर विझवा, तो मोठा चोर आहे.

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो म्हणजे गिटारचं अर्थिंग शाबूत आहे. तुमचं शरीर आजूबाजूचा कचरा गोळा करून पिकअपजवळ आणतं. तार धरली की तुम्हीच ग्राउंडला जोडले जाता आणि कचरा जातो. शील्डिंग (गिटारच्या आत धातूचं अस्तर) केलं तर सुधारेल, पण आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर एक टेक घ्या. अर्ध्या लोकांचं दुखणं तिथेच संपतं.

काही लोक सांगतील की प्लगची अर्थची पिन काढून टाक, गुणगुण जाते. जाते, खरं आहे. कधी कधी वाजवणाराही जातो. ट्यूब अँपच्या आत काहीशे व्होल्ट असतात. पिनला हात लावू नका. ग्राउंड लूप (दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली जाऊन होणारी गुणगुण) असेल तर ग्राउंड लिफ्टवाला, म्हणजे सिग्नलच्या वायरचं ग्राउंड तोडायची सोय असलेला, डीआय बॉक्स वापरायचा, तो काम सिग्नलच्या वायरवर करतो, विजेच्या नाही.

---

फिरता फ्रेट

मान्य, शेजाऱ्यांचं मी गमतीत लिहिलं होतं. पण अँपबद्दल गंभीर आहे. १५ वॉटचा ट्यूब अँप घरात असून प्लगइन शोधायचे?

आवाज कमी करायचं गणित समजून घ्या. वॉट निम्मे केले तर फक्त ३ डेसिबल कमी होतात, कानाला जेमतेम कळतं. निम्म्या आवाजासारखं वाटायला वॉट दहाव्या हिश्शावर आणावे लागतात. म्हणून १५ चा अँप ५ चा करून शेजारी खूश होत नाहीत. अटेन्युएटर (अँप आणि स्पीकरच्या मधे बसून ताकद खाणारा डबा) लागतो, किंवा कपड्यांनी भरलेलं कपाट. मी कपाटच वापरतो. अँप आत, माइक आत, दार लोटलेलं, फटीतून वायर बाहेर. हिवाळी कपडे असतील तर उत्तम.

तुमचा गाण्याचा माइक चालेल. लोक ज्या एसएम५७ ची शपथ घेतात तो १९६५ सालापासूनचा डायनॅमिक माइकच आहे. तुमच्या माइकची जाळीची टोपी निघत असेल तर काढा, म्हणजे तो जवळ नेता येतो. स्पीकरच्या जाळीतून टॉर्च मारा, मधला गोल घुमट दिसेल. त्या घुमटाची कड जिथे शंकूला मिळते तिथे माइक रोखा, जाळीपासून दोन बोटं. मध्याकडे सरकलं की टोचरा, कडेकडे सरकलं की मऊ. एक सेंटिमीटरने गाणं बदलतं. जागा सापडली की चिकटपट्टीने खूण करा, उद्या सापडणार नाही.

आणि माइकमधून ऐकल्यावर 'हा माझा अँप नाही' असं वाटेल. तुमचाच आहे. आजवर तुम्ही तो पोटऱ्यांनी ऐकलाय. गुडघे टेकून कान स्पीकरच्या उंचीवर आणा, मग कळेल तो किती टोचरा आहे ते. (हळू आवाजात. कान दोनच आहेत.)

एक धोक्याची सूचना. 'स्पीकर काढून टाकतो आणि अँपचा सिग्नल थेट घेतो' हा विचार मनात आला तर हात मागे बांधून बसा. ट्यूब अँपला स्पीकर किंवा योग्य ओहमचा लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी भार घेणारा डबा) जोडल्याशिवाय चालू करायचं नसतं. मी एकदा रात्री शांततेत वाजवायला म्हणून केलं. खरंच शांतता झाली. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला होता.

---

कोपऱ्यातला गिटारवाला

बटण दाबलेलं नव्हतं.

दोन महिने. मित्राला अजून सांगितलेलं नाही.

दोन शंका. एक, गिटार जाड वाटावी म्हणून मी ट्रॅक कॉपी करून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकला, पण रुंद वाटत नाही, नुसता मोठा होतो. दोन, थेट की अँप हे ठरवायचं कसं? वाचून दोन्ही पटतंय.

---

खर्जातला

कॉपी म्हणजे तीच गोष्ट दोन कानांत, मेंदू ती मधे आणून ठेवतो. पुन्हा वाजवा. अगदी तसंच वाजवायचा प्रयत्न करा आणि तसंच येणार नाही, ती जी चूकभूल उरते तीच रुंदी. दोन्ही टेकना वेगळा पिकअप निवडलात तर आणखी छान. गेन अजून एक पायरी खाली, दोन मिळून तो वाढतोच.

दुसऱ्या शंकेचं उत्तर: निवडू नका. रीपरमध्ये ट्रॅकवर इफेक्ट लावून वाजवलं तरी फाइलमध्ये कोरडा सिग्नलच जातो, इफेक्ट फक्त ऐकू येतात. (इनपुट एफएक्समध्ये लावलात तर मात्र फाइलमध्ये शिजून जातात, तिथे लावू नका.) तो कोरडा ट्रॅक जपून ठेवा. पुढे कधी मोकळं घर मिळालं तर रीअँप बॉक्समधून (रेकॉर्ड केलेला सिग्नल पुन्हा गिटारच्या सिग्नलसारखा करणारा डबा) तोच ट्रॅक अँपला पाठवा, कपाटात माइक लावा, आणि बोटं खिशात ठेवून आवाज शोधा.

---

फिरता फ्रेट

इथे माझं आणि खर्जातल्यांचं जमत नाही. कोरडा ट्रॅक हा आळशाचा मित्र आहे. 'आवाज नंतर ठरवू' म्हणत माझी अकरा गाणी 'नंतर' मध्ये पडून आहेत. शिवाय बोटं कानाला उत्तर देतात. कडक आवाजावर वाजवलेलं आणि मऊ आवाजावर वाजवलेलं वेगळं असतं. मऊ आवाजावर वाजवून नंतर कडक अँप लावला की प्रत्येक स्वर उगाच ओरडतो. कोरडा ठेवा, माझी ना नाही. पण आवाज वाजवायच्या आधी ठरवा.

---

खर्जातला

हे मात्र मान्य. अकरा गाण्यांचं वाईट वाटलं.

---

कोपऱ्यातला गिटारवाला

कळवतो काय झालं ते.

बटण दाबलं, चार्जर काढला, खिडकीकडे तोंड करून बसलो. स्विच चार नंबरवर गुणगुण जवळजवळ गेली, म्हणजे मधला पिकअप उलटा आहे तर. बफर १२८. कॅबिनेट लावल्यावर माशी मेली. गेन खरंच निम्म्यावर आला आणि पहिल्यांदाच कॉर्डमधले चारही स्वर वेगळे ऐकू आले. एका गाण्यात तिसरा स्वर दोन महिने चुकीचा वाजवत होतो हेही कळलं.

बास मित्राने पुन्हा वाजवला, यावेळी ब्रिजकडे सरकून, दोन बोटांनी. २०० वर दोन तुकडे केले. पोलॅरिटी उलटी केली तर बास पार रोडावला, म्हणून सरळच ठेवली. फोनवर ऐकू येतो. आई म्हणाली, "आज आला होता वाटतं."

एकच राहिलंय. दोघंही ट्यूनरवर अगदी बरोबर लावतो, पण एकत्र ऐकलं की बासचा प्रत्येक स्वर सुरुवातीला जरा चढा लागतो आणि मग जागेवर येतो. काही ठिकाणी माझी गिटारच उतरलेली वाटते.

---

खर्जातला

ट्यून करताना तो तार हळूच छेडत असणार आणि गाण्यात हाणत असणार. जाड तार जोरात ओढली की ती आधी चढते, मग खाली येते. जितक्या जोराने वाजवणार तितक्याच जोराने छेडून ट्यून करायला सांग, आणि प्रत्येक टेकआधी. तरी राहिलं तर बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा निघाला तर ब्रिजवरची सॅडल (तार जिच्यावर टेकते ती) मागे, उतरलेला निघाला तर पुढे. स्क्रू पाव फेरा, मग पुन्हा ट्यून, मग पुन्हा तपासा. आणि बटणाचं त्याला सांगून टाका आता.